काचटाकीतील प्रकाशयोजना व शेवाळाची घरगुती गाळणी

गुरांना पाणी पाजण्याचा हौद, विहिरीच्या पायऱ्या आणि शेततळ्याचा काठ येथे वाढणारे हिरवे शेवाळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. संत्र्याच्या बागेत ठिबक संच बसविलेल्या बागायतदारांस तर ते शत्रूच वाटते. कारण जाळीच्या गाळणीत अडकून ते पाण्याचा मार्ग रोखते. परंतु हेच शेवाळ योग्य जागी, योग्य प्रकाशात वाढविले आणि वेळच्या वेळी कापून काढले, तर माशांच्या टाकीतील पाणी शुद्ध राखण्याचे काम ते चोख बजावते. हे काम कसे होते आणि त्यासाठी लागणारी गाळणी घरच्या घरी कशी बांधावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

शेतीस जोड म्हणून परसात शोभिवंत मासे वाढविणे हा उद्योग थोड्या जागेत होण्यासारखा आहे. केंद्र शासनाने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही अशा परसातील संगोपनाचा समावेश करण्यात आला. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव या भागात हा उद्योग करू पाहणाऱ्या कुटुंबापुढे मुख्य अडचण मासे मिळविण्याची नसून पाण्याची आहे. दर आठवड्यास टाकीतील चतुर्थांश पाणी बदलावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. २०० लिटरच्या एका टाकीस त्या हिशेबाने आठवड्यास ५० लिटर, म्हणजे वर्षास सुमारे २,६०० लिटर पाणी लागते. अशा दहा टाक्या असल्यास २६,००० लिटर. चैत्र-वैशाखात जेथे घरच्या माणसांना व गुरांना पाणी पुरविणे जड जाते, तेथे माशांसाठी इतके पाणी काढणे शक्य नाही आणि योग्यही नाही. शेवाळाच्या गाळणीचे महत्त्व येथे आहे.

ही पद्धत कोठून आली?

या पद्धतीचा उगम समुद्रातील प्रवाळांच्या संगोपनात झाला. प्रवाळ हे दगडासारखे दिसले तरी ते लहान प्राण्यांचे समूह असतात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. प्रकाशाच्या साहाय्याने हे शेवाळ अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. ज्या समुद्रात प्रवाळ फोफावतात, तेथील पाण्यात नत्र व स्फुरद अत्यल्प असतात. काचेच्या टाकीत मात्र माशांना खाद्य दिल्याने ही द्रव्ये साचत जातात आणि प्रवाळ मरतात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी यावर उपाय म्हणून जाळीच्या पडद्यावर शेवाळ वाढवून त्याच्याकरवी पाणी शुद्ध करण्याची रीत बसविली. तिचे पेटंट त्यांना १९८२ साली मिळाले. पुढे हौशी लोकांनी ती सोपी करून घरगुती टाक्यांना जोडली.

आपल्या राज्यातही मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत व तेथील सागरी क्षेत्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. परंतु प्रवाळ घरी पाळण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला असून ते समुद्रातून काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. शिवाय उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या वऱ्हाडात प्रवाळास मानवणारे थंड पाणी राखण्याचा खर्चही झेपणारा नाही. तेव्हा प्रवाळ समुद्रातच राहू द्यावेत. त्यांच्यासाठी शोधलेली रीत मात्र आपल्या गप्पी व मॉली माशांसाठी उपयोगात आणावी. या दोन्ही जाती पिले देणाऱ्या, काटक आणि कठीण पाण्यात सुखाने राहणाऱ्या आहेत. गप्पी मासा तर डासांच्या अळ्या खाणारा म्हणून आरोग्य खात्याच्या कामामुळे खेड्यापाड्यांत ओळखीचा झालेला आहे.

पाणी कशाने बिघडते?

माशांच्या खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नत्र असतो. ४० टक्के प्रथिने असलेले २ ग्रॅम खाद्य एका टाकीत रोज टाकले, तर त्यातून सुमारे ०.१३ ग्रॅम नत्र टाकीत जाते. त्यातील चतुर्थांश ते तृतीयांश भाग माशांच्या वाढीस लागतो. उरलेले सुमारे ०.०९ ग्रॅम नत्र कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे पाण्यात उतरते. यातील बराच भाग अमोनियाच्या रूपात असतो. अमोनिया हे माशांचे विष होय. पाणी जितके उष्ण व जितके अल्कधर्मी, तितकी त्याची बाधा अधिक. टाकीतील जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट कमी विषारी असले तरी ते नाहीसे होत नाही, साचत जाते.

आता शेवाळाचा हिशेब पाहू. वाळलेल्या शेवाळात ढोबळमानाने ४ ते ५ टक्के नत्र असते. म्हणजे रोजचे ०.०९ ग्रॅम नत्र उचलण्यास रोज सुमारे २ ग्रॅम वाळलेल्या शेवाळाइतकी वाढ व्हावयास हवी. चांगला प्रकाश व वाहते पाणी मिळाल्यास एक चौरस मीटर पडद्यावर दिवसास १५ ग्रॅमपर्यंत वाढ धरण्यास हरकत नाही. या प्रमाणात २ ग्रॅमसाठी सुमारे १,३०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागेल. २५ सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच पडद्याच्या दोन्ही बाजू मिळून १,५०० चौरस सेंटिमीटर होतात. खाली दिलेले माप याच हिशेबाने काढले आहे. खाद्य दुप्पट दिल्यास पडदाही दुप्पट लागेल, हे ध्यानात ठेवावे. पडद्याचे माप टाकीच्या आकारावरून नव्हे, तर खाद्याच्या वजनावरून ठरते.

येथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. शेवाळाने नत्र उचलले म्हणजे ते टाकीबाहेर गेले असे नाही. शेतातील पीक कापून खळ्यावर नेले, तरच त्याने उचललेली अन्नद्रव्ये शेताबाहेर जातात. उभे पीक शेतातच कुजले तर ती मातीत परततात. शेवाळाचेही तसेच आहे. कापणी हीच खरी गाळणी होय. ज्या घरी पडदा बांधला पण शेवाळ काढले नाही, त्या घरी गाळणी नाही, केवळ शेवाळ आहे.

प्रकाशाची योजना

शेवाळ हे वनस्पतीप्रमाणेच हरितद्रव्याच्या साहाय्याने अन्न बनविते. हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. प्रवाळांच्या टाकीवर निळसर दिवे लावलेले चित्रांत दिसतात, त्याचे कारण असे की समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते. खोलीवर निळा प्रकाशच पोहोचतो आणि तेथील जीव त्याच प्रकाशास सरावलेले असतात. आपल्या पडद्यावर मात्र पाण्याचा थर काही मिलिमीटरच जाड असतो. त्यातून तांबडा प्रकाश विनासायास पार जातो. म्हणून पडद्यास महागडे निळे दिवे लावू नयेत. पिवळसर पांढरा प्रकाश देणारे, ज्यांच्या वेष्टनावर २,७०० ते ३,००० केल्विन असा आकडा असतो, असे साधे एलईडी दिवे पुरेसे होतात. रोपांसाठी मिळणारे तांबडे एलईडी दिवे मिळाल्यास अधिक चांगले.

दुसरी गोष्ट अंतराची. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले, तर प्रकाश निम्मा नव्हे, चतुर्थांश होतो. यास्तव दिवे पडद्यापासून सुमारे १० सें.मी. अंतरावर असावेत. एका बाजूस एकच दिवा लावल्यास मध्यभागी झळ व कडेला अंधार असा प्रकार होतो. त्याऐवजी प्रत्येक बाजूस ६ वॅटचे दोन दिवे लावावेत.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पडद्यावर प्रकाश भरपूर आणि टाकीत प्रकाश थोडा, अशी विभागणी असावी. शेवाळ प्रकाशाच्या मागे जाते. टाकी खिडकीसमोर ठेवली तर शेवाळ काचेवर वाढेल व पडदा ओसाड राहील. टाकी उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी, तिच्या मागच्या व दोन्ही बगलांच्या काचांस बाहेरून गडद कागद लावावा आणि वर ९ ते १० वॅटचा एकच पांढरा दिवा दिवसातून सहा ते आठ तास लावावा. माशांना दिवस-रात्र कळण्यास व ग्राहकास मासे दिसण्यास तेवढा पुरेसा आहे.

गाळणीची बांधणी

२०० लिटरच्या टाकीसाठी पुढील साहित्य लागते : ४ ते ५ मि.मी. जाडीची काच, बुरशीनाशक न मिसळलेला, मत्स्यटाकीस चालणारा सिलिकॉन, बाहेरून २५ मि.मी. व्यासाची पीव्हीसी नळी व तिचे टोपण, ४० मि.मी. व्यासाचे निचऱ्याचे निपल व नळी, दोन-तीन मि.मी. छिद्रांची ताठ प्लास्टिक जाळी. तासास सुमारे २,००० लिटर पाणी फेकणारा बुडता छोटा पंप. दिवे व त्यांस वेळ लावणारे टायमर. लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेली वा तांब्या-पितळेची जाळी मुळीच वापरू नये.

१. काचेची पेटी आतून सुमारे ३० सें.मी. लांब, १२ सें.मी. रुंद व ३५ सें.मी. उंच करावी. तळाच्या काचेस निपलाचे छिद्र पेटी जोडण्यापूर्वीच काचेच्या दुकानात पाडून घ्यावे. सांधे सिलिकॉनने जोडून निदान दोन दिवस सुकू द्यावेत. नंतर छिद्र बंद करून पेटी पाण्याने भरावी व एक रात्र गळती पाहावी.

२. जाळीचा २५ बाय ३० सें.मी. तुकडा कापावा. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू चांगल्या खरवडाव्यात. गुळगुळीत जाळीवर शेवाळाची मुळे धरत नाहीत. पहिल्याच धुण्यात सर्व शेवाळ निसटते.

३. पीव्हीसी नळीस २५ सें.मी. लांब व ३ मि.मी. रुंद अशी सरळ फट पाडावी. जाळीची वरची कड या फटीत बसवून नायलॉनच्या दोऱ्याने बांधावी. नळीचे एक टोक टोपणाने बंद करावे. दुसरे टोक पंपाच्या नळीस जोडावे.

४. नळी पेटीच्या दोन्ही अरुंद बाजूंवर आडवी टेकवावी, म्हणजे जाळी पेटीत मधोमध लोंबती राहील. पेटी टाकीच्या वर भक्कम घडवंचीवर ठेवावी आणि निचऱ्याची नळी टाकीत सोडावी. येणाऱ्या नळीपेक्षा जाणारी नळी नेहमी मोठी असावी. तसे न केल्यास पेटी भरून पाणी घरात सांडेल.

५. पडद्याच्या दर सेंटिमीटर रुंदीमागे तासास सुमारे ५० लिटर पाणी उतरावे. २५ सें.मी. रुंदीस हे प्रमाण तासास १,२५० ते १,३०० लिटर होते. उंचीवर पाणी चढविताना पंपाचा फेक कमी होतो, म्हणून पंप २,००० लिटरचा सुचविला आहे. खरा प्रवाह मोजण्यासाठी १० लिटरची बादली निचऱ्याखाली धरावी. ती २८ सेकंदांच्या आसपास भरली, तर प्रवाह योग्य आहे.

६. दिवे पेटीच्या दोन्ही लांब बाजूंस काचेबाहेर लावावेत व त्यांच्या मागून पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आडोसा करावा. प्रकाश टाकीत सांडू नये.

७. पंपाच्या उभ्या नळीस, टाकीतील पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, एक बारीक छिद्र ठेवावे. वीज गेल्यावर नळीत हवा शिरून पाणी उलट ओढले जाण्याचा प्रकार त्यामुळे टळतो.

पाणी व वीज एकत्र आल्याने होणारा धोका लहान समजू नये. विजेच्या प्रत्येक तारेस टाकीखाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खटक्यापर्यंत न जाता खाली ठिबकेल. जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा ट्रिपर बसवावा व हात टाकीत घालण्यापूर्वी खटका बंद करावा. घरात लहान मुले असल्यास ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

शेवाळ धरणे, वाढणे व कापणी

गाळणी सुरू करताना एखाद्या निरोगी टाकीच्या काचेवरील हिरवे शेवाळ चिमूटभर घेऊन जाळीवर चोळावे. फवारणीच्या शेताजवळील नाल्यातील शेवाळ आणू नये. पहिल्या आठवड्यात जाळीवर तपकिरी, बुळबुळीत थर येतो. तो हलक्या हाताने धुऊन काढावा. दोन ते चार आठवड्यांत हिरवे केसाळ शेवाळ धरू लागते. तोपर्यंत गाळणी तयार झाली असे समजू नये. या काळात टाकीत थोडेच मासे ठेवावेत व पाणी नेहमीप्रमाणे बदलत राहावे. एकदम मासे भरण्याच्या घाईने संपूर्ण भांडवल एका रात्रीत जाते.

पडद्याचा रंग हा पाण्याचा आरसा आहे. उजळ हिरवा केसाळ थर असल्यास सर्व ठीक आहे. काळपट किंवा गडद तपकिरी थर येत असल्यास अन्नद्रव्ये फार व प्रकाश कमी आहे. खाद्य कमी करावे, कापणी लवकर करावी व दिव्यांची वेळ वाढवावी. पिवळट, रबरासारखा थर येत असल्यास प्रकाश फार किंवा प्रवाह कमी आहे. दिव्यांची वेळ दोन तासांनी कमी करून पाहावी व फट तुंबली आहे काय ते तपासावे.

कापणी दर सात ते दहा दिवसांनी करावी. नळीसह पडदा बाहेर काढून बादलीत धरावा व बोटांनी किंवा जुन्या पट्टीने शेवाळ खरवडून काढावे. जाळीस चिकटलेला पातळ हिरवा थर तसाच ठेवावा. तेच पुढच्या वाढीचे बियाणे होय. शेवाळाचा थर दोन सें.मी. जाड होईपर्यंत थांबू नये. आतल्या थरास प्रकाश मिळत नाही, तो कुजतो आणि उचललेले नत्र पाण्यात परत सोडतो. काढलेले शेवाळ पिळून वजन करावे. वरील हिशेबाप्रमाणे काम चालू असल्यास आठवड्यास अंदाजे दीडशे ग्रॅम ओले शेवाळ निघावे. वजन सतत कमी भरत असेल व पाण्यात नायट्रेट वाढत असेल, तर दोष प्रकाशात वा प्रवाहात आहे.

निघालेले शेवाळ कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. मॉली मासे ते आवडीने खातात. परंतु खाद्य म्हणून दिल्यास तेवढेच बाजारचे खाद्य कमी करावे. एरवी एका दाराने बाहेर काढलेले नत्र दुसऱ्या दाराने आत येईल.

रात्र, उन्हाळा व वीजपुरवठा

शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते. अंधारात मात्र तेही माशांप्रमाणेच प्राणवायू घेते. हिरव्यागार झालेल्या शेततळ्यात पहाटेच्या वेळी मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. घरच्या टाकीत हा दोष सहज टाळता येतो. टाकीवरील दिवा दिवसा व पडद्यावरील दिवे रात्री, अशी उलट पाळी लावावी. पडद्याचे दिवे सायंकाळी सहा ते सकाळी आठ असे चौदा तास चालू ठेवल्यास रात्रभर प्राणवायू तयार होत राहतो, पाण्याचा अल्कधर्म फारसा वरखाली होत नाही आणि दुपारच्या उष्णतेत दिव्यांच्या उष्णतेची भर पडत नाही. पंप मात्र चोवीस तास चालू असावा.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मि.ग्रॅ. विरघळतो, तर ३५ अंशास सुमारे ७ मि.ग्रॅ. इकडे उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून एप्रिल ते जून या काळात टाक्या पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत. मातीच्या भिंतीची, कौलारू वा गवताने शाकारलेली खोली चांगली. पडद्यावरून पातळ थराने उतरणारे पाणी वाऱ्याने थोडे थंड होते, हा या गाळणीचा आणखी एक लाभ आहे. कडक उन्हाळ्यात मासे कमी ठेवावेत व खाद्य निम्मे करावे.

वीज गेल्यास खाद्य देणे ताबडतोब थांबवावे. बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवावा. तो नसल्यास टाकीतील पाणी तांब्याने घेऊन वितभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. पडदा वाळू लागल्यास काढून टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवावा. वाळून मेलेले शेवाळ पाण्यात परत सोडू नये.

पाण्याची निवड

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. तिच्यातील क्लोरीन माशांस व शेवाळास दोहोंसही मारक आहे. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान चोवीस तास उघडे ठेवून, ढवळून मगच टाकीत घालावे. पडदा धुण्यासही तेच पाणी वापरावे.

अचलपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी भूजल गोडे आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर वगैरे भागात खारपाणपट्टा लागतो. खारपाणपट्ट्यातील पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे; त्यातील क्षारांचे प्रमाण व प्रकार निराळे असतात. त्यात समुद्रातील मासे जगतील या समजुतीने कोणी पैसा गुंतवू नये. मॉली मासा थोडे खारे पाणी सोसतो. तथापि आपल्या विहिरीच्या पाण्यात प्रथम चार मासे महिनाभर ठेवून पाहावेत.

बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात. शेवाळ नत्र काढते, क्षार काढीत नाही. म्हणून गाळणी कितीही उत्तम चालली तरी पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलावेच आणि आटलेल्या पाण्याची भर शक्यतो साठविलेल्या पावसाच्या पाण्याने करावी. या रीतीने बदलाचे पाणी वर्षास २,६०० लिटरवरून सुमारे ५२० लिटरवर येते. काढलेले गोड्या टाकीचे पाणी भाजीपाल्यास उत्तम. पण खाऱ्या टाकीचे पाणी संत्र्याच्या झाडास घालू नये, कारण संत्र्यास क्षार सोसत नाहीत.

विषबाधेपासून सावध

कपाशी व संत्रा पिकविणाऱ्या घरात मासे पाळताना सर्वांत मोठा धोका फवारणीच्या औषधांचा असतो. औषधांचे रिकामे डबे वा बादल्या टाकीच्या कामास कधीही घेऊ नयेत. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याखेरीज टाकीत हात घालू नये. संत्र्यावर फवारण्याच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. मोरचुदातील तांबे अत्यल्प प्रमाणातही माशांस बाधते आणि शेवाळासही मारते. काचेवरील शेवाळ घालविण्यासाठी टाकीत मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. शेवाळ एकाएकी मेले म्हणजे ते कुजते, प्राणवायू संपतो व मासे मरतात. अशा शेवाळावर एकच उपाय : टाकीतील प्रकाश व खाद्य कमी करणे आणि पडद्याची कापणी वेळेवर करणे.

विजेचा हिशेब

पंप २५ वॅटचा असल्यास चोवीस तासांत ०.६ युनिट, पडद्याचे २४ वॅटचे दिवे चौदा तासांत सुमारे ०.३४ युनिट आणि टाकीचा १० वॅटचा दिवा सात तासांत ०.०७ युनिट वीज घेतो. महिन्यास ही बेरीज सुमारे ३० युनिट होते. आपल्या बिलातील दराने गुणून हा खर्च आधीच काढावा. चार टाक्यांना एकच मोठा पडदा जोडल्यास पंप व दिवे यांचा खर्च टाकीमागे कमी होतो. पण एका टाकीत रोग आल्यास तो चारही टाक्यांत पसरतो. नवीन आणलेले मासे म्हणून दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात प्रथम एकच टाकी उभी करून तीन महिने चालवून दाखवावी. तिच्यासोबत एक वही असावी. तीत दिनांक, दिलेले खाद्य, पाण्याचे तापमान, अमोनिया व नायट्रेटची चाचणी, कापलेल्या शेवाळाचे वजन, बदललेले पाणी आणि मेलेले मासे अशा सात रकान्यांत नोंद करावी. मासे विकत घेणारा दुकानदार कोण, तो कोणत्या जातीस काय भाव देतो, याची चौकशी अमरावती, अकोला व नागपूर येथे आधी करावी आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घेऊन मगच दुसरी टाकी घ्यावी. नको झालेले वा उरलेले मासे सापन, बिच्छन यांसारख्या नद्यांत किंवा नाल्यांत सोडू नयेत. परके मासे तेथील मूळच्या लहान माशांची जागा घेतात.

शेतकरी बंधुभगिनींस शेवाळाची ही शेती नवीन वाटली, तरी तिचे नियम जुनेच आहेत. पिकास लागेल तेवढा प्रकाश व पाणी द्यावे, जेथे पीक नको तेथे ते वाढू देऊ नये आणि तयार झालेले पीक वेळेवर कापून घरी आणावे. एवढे पाळणाऱ्याच्या टाकीतील पाणी वैशाखातही निवळ राहील आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यावर त्याचा भारही कमी पडेल.